जामीनकतब्यावरील सही

तुरुंगाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगातील एकशेएक दिवसांची हकीकत लिहिली. सावरकरांनी अंदमानची लिहिली. साने गुरुजींनी तर नाशिकच्या तुरुंगात बसून 'श्यामची आई' लिहून काढली. हे सारे वाङ्मय आत गेलेल्या माणसाचे आहे. तुरुंगाच्या दाराबाहेर हातात कागदांची पिशवी घेऊन जो उभा असतो, दुसऱ्याच्या सुटकेसाठी जो आपली पत गहाण टाकतो, त्याच्याविषयी आपल्या इतिहासकारांना काही सांगावेसे वाटलेले नाही. अमक्याला जामीन मिळाला, एवढे चरित्रकार एका वाक्यात सांगून पुढे जातात. जामीन कोण राहिले, कोणाच्या शब्दाखातर राहिले, आणि ज्याच्यासाठी कोणीच राहिले नाही त्याचे पुढे काय झाले, हे प्रश्न त्यांना पडत नाहीत. ज्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या सातबारा आहे त्यांना ते पडण्याचे कारणही नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला मात्र आरोपापेक्षा जामिनाचीच धास्ती मोठी असते. आरोप खोटा ठरवता येतो. जामीनदार कोठून आणायचा?

मी सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घरात माझ्या आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. पण पुस्तकांतून आणि कायद्यांतून तो मागे मागे नेत गेलो तेव्हा जे दिसले ते येथे मांडतो.

'जामीन' हा शब्द मूळचा अरबी. फारसी दप्तरांतून तो आपल्याकडे आला. जुन्या मराठी कागदपत्रांत जामिनाचे प्रकार ठरलेले होते. बोलावल्या वेळी माणूस हजर होईल अशी हमी देणारा तो हाजिरजामीन. पैशाची हमी घेणारा तो मालजामीन. वर्तणूक नीट राहील म्हणून हमी देणारा तो फैलजामीन. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला बांधून घ्यावे तो साखळीजामीन. हमीचा लेख तो जामीनकतबा. इंग्रजी अंमल आला, फौजदारी कायद्याची पुस्तके आली, तरी हे प्रकार नावे बदलून नांदत राहिले. आणखी एक शब्द कोर्टात रोज ऐकू येतो, तो जातमुचलका. येथे माणूस स्वतःच स्वतःची हमी लिहून देतो, दुसरा जामीनदार लागत नाही. यातली 'जात' म्हणजे 'स्वतः'. आपल्या जातीशी या शब्दाचे काही नाते नाही. पण आमचा माणूस या दोन जातींच्या मध्येच अडकतो. पहिली त्याला जन्मापासून चिकटलेली असते आणि दुसरी त्याला कोर्टात मिळत नाही.

जामीनकी ही विश्वासाची गोष्ट आहे असे म्हणतात. मग विश्वासाचा इतिहासही पाहिला पाहिजे. गावगाड्यात महारावर विश्वास नव्हता असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. दोन गावांच्या शिवेचे भांडण लागले म्हणजे शीव कोठून जाते हे सांगणारा महार असे, आणि त्याची साक्ष मोलाची मानली जाई. गावाचा वसूल तालुक्याच्या खजिन्यात पोचवण्याचे काम महाराकडे होते. रात्री चावडीवर जागा राहणारा येसकर तोच. म्हणजे गावाची जमीन कोठपर्यंत आहे हे त्याच्या शब्दावर ठरत होते, गावाचा पैसा त्याच्या भरवशावर रस्त्याने जात होता. तोच माणूस फौजदारी कोर्टात उभा राहिला म्हणजे त्याच्या शब्दाला किंमत उरत नसे. तेथे त्याला विचारत, तुझ्या नावावर काय आहे? विश्वासाचे मोजमाप मालमत्तेने करायचे ठरले की असे होते. आणि मालमत्ता कोणाजवळ असावी हे तर मनूच्या काळापासून ठरलेले होते.

या जामीनकीच्या इतिहासात १८८२ हे साल मला फार महत्त्वाचे वाटते. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्यात दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा मजकूर 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी छापला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. टिळक आणि आगरकर हे तेव्हा पंचविशी-सव्विशीतले तरुण, नुकतीच शाळा काढलेले, खिशात पैसा नाही. त्यांच्या जामिनाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा तो सोडवला जोतीराव फुल्यांनी. आपले स्नेही व सत्यशोधक समाजातील सहकारी रामशेठ बापूशेठ उरवणे यांना त्यांनी उभे केले, आणि उरवणे दहा हजार रुपयांना जामीन राहिले. त्या काळचे दहा हजार! पुण्यात पैसेवाली माणसे पुष्कळ होती. शास्त्री-पंडित होते, सरदार होते, सावकार होते. जामीनकतब्यावर सही झाली ती एका सत्यशोधकाची. पुढे दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते डोंगरीहून सुटले तेव्हा त्यांच्या स्वागतातही मुंबईचे सत्यशोधक होते.

ही हकीकत आपल्याकडे सांगितली जाते ती जोतीरावांच्या मनाच्या मोठेपणाची म्हणून. व्याख्यानांतून तर ती हटकून येते. मोठेपणा होताच, मी तो नाकारत नाही. परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे जोतीरावांना संतपणा बहाल करून त्यांचे राजकारण काढून घेणे आहे. शिवछत्रपतींचा पवाडा जोतीरावांनी १८६९ मध्येच लिहिला होता. कुळवाडीभूषण राजाच्या गादीवरचा वारस कारभाऱ्यांच्या हाती सापडून छळला जातो आहे, हा त्यांच्या दृष्टीने कोल्हापूरच्या राजवाड्यापुरता मामला नव्हता. तो राजा पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरच्या किल्ल्यात एका गोऱ्या पहारेकऱ्याच्या झटापटीत मेला. तेव्हा जोतीराव जामीन मिळवून देतात ते दोन ब्राह्मण तरुणांवर उपकार म्हणून नव्हे. सत्य छापणाऱ्याला खटला संपेपर्यंत कोंडून ठेवू नये, एवढी साधी गोष्ट त्यांना पटलेली होती. त्याच ऑक्टोबर महिन्यात त्यांनी हंटर आयोगापुढे शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचे निवेदन ठेवले. हा एकाच माणसाचा एकाच वर्षातला विचार आहे, आणि तो तसाच एकत्र वाचला पाहिजे.

याची परतफेड कशी झाली याचा हिशोब मी येथे मांडत बसत नाही. मुलींच्या शिक्षणाविषयी आणि संमतिवयाच्या विधेयकाविषयी 'केसरी'ने पुढे काय लिहिले ते सर्वांना ठाऊक आहे. मला वेगळेच विचारायचे आहे. पुण्यातला एक शेठ सत्यशोधक झाला म्हणून उरवणे जामीन राहू शकले. त्याच वर्षी एखादा महार, एखादा मांग कोतवालीत अडकला असेल तर त्याला जामीन राहील असा त्याच्या जातीतला माणूस होता काय?

नव्हता, आणि त्याचे कारण गरिबी एवढेच नव्हते. महारांजवळ जमीन होती. वतनाची होती. पण ती कशी होती हे पाहण्यासारखे आहे. १८७४ च्या वतन कायद्याने वतनाची जमीन वतनदार कुटुंबाबाहेर विकण्या-देण्यावर बंदी घातली होती. कायद्याचा हेतू वतन टिकवण्याचा असेल, परिणाम असा झाला की ही जमीन कोणाकडे खात्रीने गहाण पडेना. शिवाय तिच्या तक्षिमा पाडता पाडता एकेकाच्या वाट्याला बैल वळवण्यापुरती जागा उरली. जी विकता येत नाही, जिच्यावर वीस-वीस नावे आहेत, ती जमीन जामीनकीसाठी पुढे केली तर कोर्ट काय म्हणणार? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा महार वतन ही गुलामगिरीची बेडी आहे हे ते वारंवार सांगत होते. ते विधेयक मंजूर झाले नाही. या बेडीचा एक लहानसा दुवा असा, की वतनदार म्हणवणारा माणूस आपल्या सख्ख्या भावाला सोडवण्यासाठी स्वतःच्या वतनाचा उपयोग करू शकत नव्हता.

१९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने गेली. ठरलेली रक्कम भरून जमिनी परत मिळाल्या, पण त्या नव्या शर्तीवर. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असा शेरा पडला. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. म्हणजे वतन गेले आणि वतनाचा जुना अडसर नवा शेरा होऊन राहिला. आमच्याही उताऱ्यावर तो आहे. त्या उताऱ्यावर माझ्या चुलत्यांची, आत्यांची, त्यांच्या मुलांची मिळून इतकी नावे आहेत की तलाठ्याला ती एका पानावर बसवता येत नाहीत.

जातीत जामीनदार नाही म्हटल्यावर तो गावातून आणावा लागे, आणि गाव काही फुकट जामीन राहत नाही. माझ्या आजाची गोष्ट येथे सांगतो, कारण अशी गोष्ट दप्तरात सापडत नाही. १९६० च्या सुमारास खळ्यावरून ज्वारी गेली म्हणून माझ्या आजाला धरून नेले. गावातले एक बागाईतदार जामीन राहिले. खटला वर्षभर चालला आणि आजा निर्दोष सुटला. परंतु जामीन राहिल्याबद्दल त्याने त्या बागाईतदाराच्या मळ्यात दोन साल राबायचे ठरले होते, ते काही निर्दोष ठरल्याने सुटले नाही. पगार नाही; दोन वेळची भाकरी आणि दिवाळीला धोतर. आजी सांगायची, "कोर्टाच्या तारखा वरीसभर, आन् त्येच्या बांधावर दोन सालं. तुजा आजा म्हनायचा, तुरुंगातच बरा व्हतो, तितं रातच्याला तरी कुनी हाक मारत न्हवतं." कोर्टाने ज्याला निर्दोष म्हटले त्याने दोन वर्षांची शिक्षा भोगली, आणि ती कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नाही.

वेठबिगारीवर आपल्याकडे लिहिले गेले ते लग्नाच्या कर्जाविषयी, आजारपणाच्या कर्जाविषयी. जामिनाच्या कर्जाविषयी कोणी लिहिले आहे काय? १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. पण माझ्या आजाने एक रुपयाही उसना घेतलेला नव्हता. त्याने घेतली होती ती एक सही.

ज्यांच्यावर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला होता त्यांची गोष्ट आणखी निराळी. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ साली मुंबई इलाख्यापर्यंत आला. आमच्या सोलापुरात काटेरी तारांच्या आत वसाहत उभी राहिली. त्या भागाला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, भामटे यांनी हजेरी द्यायची, परवान्यावाचून हलायचे नाही. त्याशिवाय १८९८ च्या फौजदारी संहितेतली १०९ आणि ११० ही कलमे होती. चांगल्या वर्तणुकीबद्दल जामीन दे, नाही तर तुरुंगात जा. हाच तो जुना फैलजामीन. येथे गुन्हा घडावा लागत नाही. घडेल अशी शंका पुरते. जामीनदार आणला तरी तो 'योग्य' नाही म्हणून नाकारण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला होता. ज्याची सारी जमातच कायद्याने गुन्हेगार ठरवलेली, त्याने योग्य जामीनदार कोठून आणावा? ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला आणि ही माणसे विमुक्त झाली. वर्तणुकीच्या जामिनाची कलमे मात्र १९७३ च्या संहितेत राहिली आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेतही, आकडे बदलून, आहेत. आपल्याकडे त्याला लोक 'चॅप्टर' म्हणतात. अमक्यावर चॅप्टर लागली. निवडणूक आली, जयंतीची मिरवणूक आली की कोणाकोणाच्या नावाने नोटिसा निघतात हे वस्तीतल्या लहान पोरालाही ठाऊक असते.

याच्या अगदी उलट टोकाला सत्याग्रहीचा तुरुंग आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह ६ डिसेंबर १९६४ ला सुरू झाला, आणि त्यात तुरुंगात गेलेल्यांचा आकडा तीन लाखांहून अधिक सांगितला जातो. सत्याग्रही जामीन मागत नाही, तुरुंग भरणे हेच त्याचे शस्त्र. आपल्या चळवळीची मान ताठ झाली ती या तुरुंगाने. पण त्यामुळे एक गोष्ट नजरेआड झाली असे मला वाटते. झेंड्याखाली आत गेलेल्याला बाहेर हार मिळतो. चोरीच्या संशयावरून आत गेलेल्या आपल्याच माणसाचे नाव घ्यायला आपल्याला संकोच वाटतो. त्याच्यासाठी सभा होत नाही, पत्रक निघत नाही. तो खरेच चोर आहे की नाही हे ठरण्याआधीच आपण त्याला सोडून देतो, आणि प्रस्थापित समाजाचा न्याय आपण आपल्याच वस्तीत चालवतो.

१९७८ साल घ्या. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळू लागल्या. त्याला महिना होण्याआधी, २४ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात निकाल दिला. मोतीराम हा गवंडी. त्याला दहा हजारांचा जामीन सांगितला होता. भाऊ जामीन राहायला तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून मॅजिस्ट्रेटने तो नाकारला. न्यायमूर्तींनी मोतीरामला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडले. गवंड्याकडे दहा हजार मागणे आणि एकाच देशात परजिल्ह्याचा जामीनदार परका मानणे, या दोहोंना त्यांनी खडसावले. पुढच्याच वर्षी हुसेनारा खातून प्रकरण आले. बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खटल्याविना पडलेल्या माणसांविषयीची बातमी वाचून वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. गुन्हा शाबीत झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती तिच्याहून अधिक काळ काही जण आत होते. न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले ते थोडक्यात असे: माणूस पळून जाईल की नाही हे त्याच्या पैशावरून ठरवू नका, त्याचे घर, कुटुंब, कामधंदा, त्या गावाशी असलेले नाते पाहा.

हे वाचताना माझ्या मनात येते, महाराच्या साक्षीवर शीव ठरवणाऱ्या गावाला हे ठाऊक होते. माणूस मातीला किती बांधलेला आहे हे त्याच्या सातबाऱ्यावरून कळत नाही. आजा कोठे पळून जाणार होता?

ज्यांच्या नावावरून आपल्या पँथरने नाव घेतले त्या अमेरिकेतल्या काळ्या बांधवांना हा प्रश्न फार आधी कळला होता. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आंदोलनात शाळकरी मुलांसुद्धा शेकड्यांनी अटका झाल्या, तेव्हा जामिनाची रक्कम उभी करणे हा आंदोलनाचाच एक भाग झाला. कामगार संघटनांनी पैसा दिला. १९६९ मध्ये न्यू यॉर्कच्या एकवीस ब्लॅक पँथरांना माणशी एक लाख डॉलर जामीन लावला. १९७१ मध्ये खटल्याला उभे राहिलेले सर्व निर्दोष सुटले. जामिनाची रक्कम हीच शिक्षा कशी होते, याचे याहून उघड उदाहरण शोधावे लागणार नाही. तेथे रोख रकमेचा जामीन, आपल्याकडे जामीनदार माणसाचा. दार निराळे, कुलूप तेच.

निकाल झाले, कायदे सुधारले. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याच्या आत जामीनदार देता आला नाही तर माणूस निर्धन आहे असे धरून त्याला मुचलक्यावर सोडावे, अशी दुरुस्ती २००५ साली झाली. तरी २०२२ अखेरची सरकारी आकडेवारी अशी: देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे, त्यांतली ४,३४,३०२ खटला संपण्याची वाट पाहणारी. चारांतले तीन. या तिघांत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय मिळून सुमारे दोन-तृतीयांश. सर्वांनाच जामीन मंजूर झालेला असतो असे नव्हे. पण मंजूर होऊनही आत राहिलेले असे सुमारे ५,००० कैदी असल्याचे सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा ३१ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने सूचना दिल्या. जामिनाचा हुकूम झाल्यावर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिना लोटला तर कोर्टाने आपण होऊन अटी सैल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नये. मोतीरामला जाऊन तेव्हा पंचेचाळीस वर्षे होत आली होती, आणि तोच हट्ट.

त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना काढली. आरंभी तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० पर्यंत मदत ठरवली होती. जिल्ह्याची समिती ठरवणार. योजना चांगली आहे, आणि तिची माहिती वस्तीवस्तीत पोचवली पाहिजे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. तेथे अर्ज करायला वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत. पण योजना पैसे देते, आणि तालुक्याच्या कोर्टात पुष्कळदा पैशापेक्षा माणूस मागतात. लायक जामीनदार. त्याचा सातबारा, ऐपतीचा दाखला, घरपट्टीची पावती, नाही तर पगारपत्रक. कोर्टाच्या आवारात भाड्याचे जामीनदारही हिंडत असतात; त्यांचे दर ठरलेले असतात आणि त्यांच्या कागदांचा भरवसा नसतो.

पगारपत्रक हा शब्द मी मुद्दाम लिहिला. दोन वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. तिचा भाऊ औद्योगिक वसाहतीतल्या चोरीच्या संशयावरून आत होता. पंधरा हजारांचा जामीन मंजूर होऊन तेवीस दिवस झाले होते. तिची आई एका घरी धुणेभांडी करते. त्या घरच्यांना विचारून झाले होते, मामाला विचारून झाले होते. ती म्हणाली, "सर, वकील म्हणाले तुमची सॅलरी स्लिप चालते." मी तिला विचारले, "आई कुठं आहे?" "बाहेर उभ्या आहेत, सर. आत यायला लाजतात."

आमच्या घराण्यात कोर्टाला चालेल अशी सही पहिल्यांदा माझी झाली आहे. आजाची अंगठ्याची होती. वडिलांची सही होती, पण तिच्यामागे काही नव्हते. शिक्षक-खोलीतल्या एका सहकाऱ्याने मला प्रेमानेच सांगितले, "सर, असल्या भानगडीत पडू नका, पोरगा पळाला तर रक्कम तुमच्याकडून वसूल होईल." ते खरे आहे. आरोपी तारखेला आला नाही तर बंधपत्र जप्त होते, जामीनदाराला नोटीस येते. घराचे कर्ज असलेल्या नोकरदाराला ही भीती वाटणे स्वाभाविक आहे. १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जे दुःख बोलून दाखवले त्याचा उल्लेख आपण दरवर्षी भाषणांतून करतो. ते ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांत आपण नोकरदार पुढच्या रांगेत असतो. आपल्या पगाराला कोर्टात पत आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. ती पत कोणासाठी वापरायची, हे आपण ठरवलेले नाही. राखीव जागांनी आपल्याला पगार दिला असे लोक म्हणतात. पगाराबरोबर आणखी एक गोष्ट मिळाली, ती ही.

मी जामीन राहिलो. मुलगा एकही तारीख चुकलेला नाही. खटला अजून चालू आहे.

त्यानंतर आमच्या वस्तीतल्या जयंती मंडळाच्या जुन्या वह्या मी पाहायला मागितल्या. इतिहासाच्या माणसाला वही दिसली की राहवत नाही. मंडप, स्पीकर, निळ, फोटोचे हार, पोलीस परवाना अशा खर्चांच्या मध्ये अधूनमधून एक ओळ येते. 'तारखेला जाणे-येणे, एस.टी., चौघे.' 'वकील, बाकी.' एका वर्षी 'जामीनदाराचा चहा-नाश्ता' असाही खर्च टाकलेला आहे, आणि पुढे कोणी तरी लाल शाईने 'हे कशाला?' असे विचारले आहे. कोणाच्या खटल्याचे, कोणत्या आरोपाचे, काही लिहिलेले नाही. नावे नाहीत. दोन ठिकाणी रक्कम खोडून पुन्हा लिहिली आहे. नामांतराच्या वर्षांत या ओळी दाट होतात, १९९४ नंतर विरळ होतात, आणि जानेवारी २०१८ नंतर पुन्हा वाढतात. भीमा-कोरेगावच्या हल्ल्यानंतर ३ जानेवारीच्या बंदमध्ये आमच्याकडची पोरे उचलली होती. त्यांतल्या दोघांच्या नोकरीच्या परीक्षा होत्या. जामीन आणि परीक्षेची तारीख यांत किती दिवस जातात यावर त्यांचे पुढचे आयुष्य ठरणार होते. हे दिवस मोजायला कोणतेही कलम नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर झालेल्या धरपकडीत सापडलेला कायद्याचा एक तरुण विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असतानाच मरण पावला. अटक आणि सुटका यांच्यामधले दिवस म्हणजे काय, हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावे लागू नये.

मंडळाच्या बैठकीत यावर चर्चा झाली. एक म्हातारे गृहस्थ, चळवळीतले जुने कार्यकर्ते, म्हणाले, "जयंतीच्या पैशानं चोराला सोडवायचं का?" त्यांना एका तरुणाने विचारले, "आबा, चोर हाय हे कोर्टानं सांगितलं का तुमी सांगताय?" आबा थोडा वेळ गप्प बसले, आणि मग त्यांनीच दोनशे रुपये काढून दिले. वर्गणीतला दहावा भाग वेगळा ठेवायचा असे ठरले. त्याहून महत्त्वाचे, तालुक्यातल्या नोकरदारांची एक यादी केली: शिक्षक, एस.टी.तले, एक तलाठी, पोस्टातल्या एक बाई. ज्यांनी जामीन राहायला होकार दिला त्यांचीच नावे त्यात आहेत. सध्या सात आहेत. एकाच माणसाने सारखे जामीन राहणे बरे नाही, कारण २००५ च्या दुरुस्तीपासून जामीनदाराला आपण आजवर किती जणांना जामीन आहोत हे कोर्टापुढे लिहून द्यावे लागते. म्हणून पाळी लावली आहे. आरोपी स्त्री असेल तर पोस्टातल्या बाईंना आधी विचारायचे. कोणाच्या तारखा कधी आहेत हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे आणि तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्या घरी जाऊन सांगून यायचे काम दोन विद्यार्थ्यांकडे आहे. त्यांतली एक ती मुलगी.